टाइपबाईंचा काळा पडदा

शेवगावच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटर आले, तेव्हा पडद्यावर कोणतं चित्र लावायचं या वादात आठवडाभर कुणी धड काम केलं नाही. हेडक्लार्कांनी धबधबा लावला. मी बर्फाचे डोंगर लावले. माहेर जामखेडचं, जन्म टँकरची वाट बघण्यात गेलेला, मला बर्फच आवडणार. टाइपबाईंनी मात्र आपला पडदा काळा करून घेतला. नुसता काळा, आणि त्यावर पिवळी, ठसठशीत मोठी अक्षरं. कॉम्प्युटर बसवायला नगरहून आलेल्या माणसाकडून त्यांनी ते करून घेतलं आणि आम्हाला बजावलं, "याला कुनी हात लावायचा न्हाई."

हेडक्लार्क रोज चिडवायचे, "बाई, तुमच्या कॉम्प्युटरचं सुतक कधी फिटायचं?" बाई मान वर न करता म्हणायच्या, "तुमी तुमच्या धबधब्याखाली आंघोळ करा. मला काम हाय." कामाला त्या वाघ होत्या. नवरा याच कॉलेजात शिक्षक होता, तो गेल्यावर त्याच्या जागी त्या टायपिस्ट म्हणून लागल्या. वीस वर्षं टाइपरायटर बडवला. बोटं आपसूक चालायची. एकुलती मुलगी मिरजेला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना करायच्या आणि सोमवारी आम्हाला सांगायच्या, "पोरगी पास झाली की मी सुटले बघा."

टाइप करताना त्यांना शेजारी कुणीतरी वाचणारं लागायचं. "वाच गं पोरी, मी मारते. तुझा आवाज लई स्वच्छ हाय." मी हुरळून जायचे आणि दाखल्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे वाचून दाखवायचे. चपलांच्या आवाजावरून कोण आलं ते त्या ओळखायच्या, याचं तर मला कोण कौतुक. दोन वर्षं हातभर अंतरावर बसले आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. आणि डोळे माझे चांगले होते!

मग तपासणी आली. तपासणीचे साहेब नवे कॉम्प्युटर बघणार होते, आणि बाईंनी त्यांना दाखला काढून दाखवायचा होता. मला वाटलं, सगळ्यांचे पडदे कसे छान आणि आमच्याच बाईंचा असा भकास का? नगरच्या एका ओळखीच्या दुकानातून मी फ्लॉपीवर गुलाबाच्या बागेचं चित्र आणलं आणि त्या दिवशी लवकर येऊन लावलं. पिवळी अक्षरं शोभेनात, म्हणून ती बारीक पांढरी केली. फुलं झाकली जात होती, म्हणून आयकॉन उचलून खाली एका ओळीत मांडले. बाई खूश होतील म्हणून मनातल्या मनात हसतसुद्धा होते.

साहेब पाठीमागे उभे राहिले. बाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांचा हात माउसवर थांबला. बाण डावीकडे वर गेला, नेहमीच्या जागी. तिथे आता गुलाब होता. त्यांनी गुलाबावर क्लिक केलं, परत केलं, परत केलं. मग अगदी हळू मला म्हणाल्या, "पोरी, माझा काळा पडदा कुठं गेला?" मी पुढे झाले, तर प्राचार्य म्हणाले, "थांबा. त्यांना करू द्या." बाण त्या बागेत नुसता भिरभिरत होता.

नंतर पाण्याच्या माठाजवळ त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "काचबिंदू हाय. डॉक्टर म्हनले, गेलेली नजर परत येत न्हाई. मधलं थोडं दिसतंय, तेबी काळ्यावर पिवळं असलं तरच. सा म्हैने गं, फकस्त सा म्हैने झाकून ने. पोरीचं वर्ष हुऊ दे." मी प्राचार्यांकडे धावले. सगळी चूक माझ्या चित्राची आहे म्हणून अक्षरशः हात जोडले. ते वाईट नव्हते. म्हणाले, "उद्या सकाळी त्यांनी मला पेपर वाचून दाखवावा. मग मी काही बोलणार नाही."

ऑफिसात एकच पेपर यायचा. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तो स्टँडवरून घेऊन बाईंच्या घरी गेले. पहिलं पान मी वाचत होते आणि त्या पाठ करत होत्या. परीक्षेच्या पोरासारखं पुन्हा पुन्हा, घाम पुसत. निघेपर्यंत त्यांना एकूण एक ओळ म्हणता येत होती.

प्राचार्यांनी पेपर त्यांच्या हातात दिला. तो प्राचार्यांनी आपल्या घरून आणलेला, दुसराच पेपर होता. मला ते दारातूनच दिसलं. सांगणार कसं? बाईंनी पेपर नीट सरळ धरला, घसा साफ केला आणि त्यात नसलेल्या बातम्या एकही चूक न करता वाचल्या. प्राचार्यांनी मधे अडवलं नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

महिन्याभरात बाई घरी बसल्या. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी चहा दिला, चौकशी केली, त्या दिवसाचं नावही काढलं नाही. माफी मागायला माझं तोंड उघडेना.

पुढे त्यांचे कागद न्यायला मुलगी आली. मिरजेहून कधी आलीस, विचारलं, तर म्हणाली, "आलेच. सोडलं तिकडचं. आईला एकटं कसं ठिवायचं?" तिने सह्या केल्या, कागद पिशवीत घातले आणि जाता जाता विचारलं, "ते चित्र कुठलं हुतं, ताई?" मी कॉम्प्युटर लावून ती गुलाबाची बाग उघडून दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली.

"छान हाय," ती म्हणाली आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या सुखाने खाल्ल्या असत्या.