ओसरीचा चौथा खांब

बायको सुंदरबाई वारली आणि झुलाल आबांनी ओसरी सारवायला घेतली. भडगावकडच्या त्या गावात पुरुषाने शेणाला हात लावायचा तो गोठ्यात. सत्तरीचा म्हातारा ओसरीवर ओणवा झालेला पाहून बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आबांनी कुणाला भीक घातली नाही. लेक शिंदखेड्याला दिलेली, ती यायची आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला. बाकी वर्षभर त्या घरात बोलायला होतं कोण? दर शनिवारी शेणमाती कालवायची आणि ओसरी सुंदरबाईच्या वेळेसारखी ठेवायची, एवढाच त्यांचा संसार उरला होता.

जीव ओतायचे, पण हाताला वळण नव्हतं. सुंदरबाई शेणकाला पातळ फिरवायची, तरी तिच्या हयातीतच दगडांवर माती चढली होती; आबा तर जाड थापायचे. वर्षामागून वर्षं थर चढत गेले आणि सागाच्या चारी खांबांखालचे दगड जमिनीत खोल गेले. लाकूड मातीत रुतलं, काळ्या जमिनीची ओल त्यात चढू लागली. नव्वद सालच्या दिवाळीआधी आबांनी एका खांबाच्या बुडाला सहज नख लावलं, तर ते शिजल्या बटाट्यात जावं तसं आत गेलं.

अभिमन सुताराला बोलावणं गेलं. त्याने बूड पाहिलं आणि सांगितलं, की दगड उघडे होईपर्यंत खांबाभोवतीची जमीन खोदायची, कुजकं लाकूड तासायचं, वाळलं की जळकं ऑइल पाजायचं. नाहीतर ओसरी बसलीच म्हणून समजा. आबा हो म्हणाले. ओसरी गेली तर बसायचं कुठे?

तीन खांब अभिमनने पहारीने भराभर मोकळे केले. चौथा दाराजवळचा. त्याला टेकून सुंदरबाई दादर ज्वारी निवडायची, आणि आबा काही बोलले तर मान वर न करता हुंकार द्यायची. तो आबांनी स्वतःकडे घेतला आणि खुरपं चालवलं. आधी निघाली त्यांच्याच जाड थरांची ढेकळं. त्यांच्याखाली पातळ पापुद्रे लागले आणि एका पापुद्र्यावर चार बोटांची कमान तशीच उमटलेली दिसली. आबांनी खुरपं ठेवलं. एवढ्या वर्षांत त्यांना एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

अभिमन वाकून पाहू लागला. दगड अजून चार बोटं खाली होता. त्याने पहार उचलली, तशी आबांनी मातीवर हात आडवा धरला.

"आबा, हाऊ खांब सडी जाई," अभिमन हळूच म्हणाला.

"सडू दे," आबा म्हणाले. "मन्हापुरता टिकी."