दाजींचा सरळ फोटो

सपाट जमिनीवर वसलेलं अख्खं गाव एका बोटानं उताराला लावणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून एकच झाला, आणि ते म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. लोणी भापकरला त्यांनी काढलेल्या फोटोंत देवळाचा कळस कलंडलेला असे, विजेचा खांब शेजारच्या घरावर रेललेला असे, आणि लग्नाच्या पंगतीतली आमटी आता पत्रावळीबाहेर जाणार अशी धास्ती वाटे. बारामतीच्या ज्या स्टुडिओत त्यांचा रोल धुवायला जाई, तिथल्या मालकानं एकदा गंभीरपणे विचारलं, "राव, तुमचं गाव घाटात हाय का?" दाजी तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "न्हाय ओ, सपाट हाय. फोटूतच असं व्हतंय."

कॅमेरा त्यांना मी दिला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंदापूरला नोकरी लागल्यावर मी नवा घेतला आणि जुना, रोल हातानं फिरवायचा, त्यांच्या गळ्यात अडकवला. मला अपराधी वाटायला तसं फारसं कारण लागत नाही. त्यामुळे त्यातून निघालेल्या प्रत्येक वाकड्या फोटोचं ओझं मी माझ्या डोक्यावर घेतलं आणि सुट्टी मिळाली की त्यांना सरळ फोटो शिकवायला लोणीला जाऊ लागलो. दोष कॅमेऱ्यात नाही, उभं राहण्यात आहे, हे कळायला मला बरेच दिवस लागले. त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या मेंढरं राखलेली. दाजी स्वतः शेतीला लागले होते. मेंढरांमागं फक्त त्यांचे वडील, आबा, उरले होते. पण उभं राहायची रीत सुटली नव्हती. काठी बगलेत, सगळा भार एका बाजूला, दुसरा पाय गुडघ्यावर. चहा पिताना, भांडताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, दाजी असेच उभे. फोटोही तसाच काढत. आबा उजव्या बगलेत काठी धरणारे, दाजी डाव्या. दोघं समोरासमोर उभे राहिले की एकमेकांना सरळ दिसत आणि बाकीचं जग कललेलं.

मी काठी काढून घेतली. "दोन्ही पाय टेका," म्हटलं. ते टेकले आणि लगेच कासावीस झाले. "पाव्हणं, असं उभं ऱ्हायलं की बँकेच्या लायनीत असल्यागत वाटतंय." तरी शिकले. कॅमेऱ्याच्या खिडकीतून दिसणारी लांबच्या डोंगराची सपाट कड चौकटीच्या कडेला समांतर धरायची, श्वास रोखायचा, मग बटण दाबायचं. रोल महाग, म्हणून सराव रिकाम्या कॅमेऱ्यावर. गावाला याचा पत्ता नव्हता. एक म्हातारे तात्या पेटीतला फेटा काढून, मिशा ओल्या करून रिकाम्या कॅमेऱ्यापुढं छाती काढून उभे राहिले. खरं सांगायचा दाजींना धीर झाला नाही. मग रोजच तात्या दारात. "फोटू कवा येणार?" "धुवायला दिलाय, तात्या." "धुत्यात का चोळत्यात?" शेवटी दाजींनी रोल विकत आणला आणि सरावात जेवढे उभे राहिले होते तेवढ्या सगळ्यांना पुन्हा बोलावून घेतलं. "पयला जरा पुसाट आला," असं प्रत्येकाला सांगितलं.

त्यांच्या या धडपडीमागं एक कारण होतं, ते आक्कानं मला हळूच सांगितलं. आबा थकले होते, चराई राहिली नव्हती, कळप विकायचं ठरलं होतं. कळप जायच्या आधी त्यात उभ्या असलेल्या आबांचा एक फोटो दाजींना हवा होता. भिंतीवर लावायचा, नातवंडांना दाखवायचा. पुन्हा काढता येणार नव्हता, म्हणून तो वाकडा यायला नको होता.

कळप न्यायला टेम्पो यायचा होता त्या सकाळी आम्ही माळावर गेलो. आबा घोंगडी खांद्यावर टाकून मेंढरांच्या मधोमध उभे होते, नेहमीसारखे. दाजींनी स्वतःची काठी माझ्याकडे दिली, दोन्ही पाय रोवले, डोंगराची कड धरली. फार वेळ लावला. आबा म्हणाले, "आटप की. मेंढरांला दम न्हाय." बटण दाबलं गेलं. मग टेम्पो आला आणि मेंढरं घेऊन गेला.

फोटो बारामतीहून आला तेव्हा स्टुडिओवाल्यानं मुद्दाम निरोप दिला होता, गाव सपाटीला आलं. खरंच आलं होतं. डोंगर, माळ, क्षितिज, सगळं काठोकाठ भरलेल्या पाण्यासारखं स्थिर. फक्त आबा एका बाजूला झुकले होते. आक्का बघून म्हणाली, "आगं बया, आबा पडत्यात का काय?" ज्या जुन्या फोटोंना आम्ही हसलो, त्यांतल्या ज्यात ज्यात आबा होते त्या सगळ्यांत देऊळ कललेलं होतं, खांब कलला होता, आणि आबा ताठ उभे होते. हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आबांनी फोटो लांब धरून पाहिला. "मी असा उभा ऱ्हातो व्हय?" आणि मग, "मेंढरं मातूर झ्याक आल्यात."

त्यानंतर आबांनी काठी कोपऱ्यात ठेवली. अंगणात दोन्ही पाय टेकून उभे राहायचे, कुणी बघत असलं तर जास्तच. राखायला काही नव्हतं आणि टेकायलाही काही नव्हतं. मी गेलो की मला म्हणायचे, "आता बराबर हाय का, पाव्हणं?" मी "बरोबर आहे, आबा" म्हणायचो.

आबा गेल्यावर दाजींनी तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला. चौकट तिरकी होती, उजवा कोपरा खाली. शिकवण्याच्या सवयीनं माझा हात ती नीट करायला गेला. मागे दाजी उभे होते, डाव्या बगलेत काठी, एक पाय गुडघ्यावर.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं," ते म्हणाले. "तशीच लावलीय."

मी हात मागे घेतला आणि नीट पाहिलं. डोंगर कलला होता, माळ उताराला लागला होता, आणि त्या उतारावरून सगळी मेंढरं खाली निघाली होती. आबा तेवढे सरळ उभे होते, त्यांना जाताना बघत.