माहेरच्या ज्वारीचं मडकं

अक्कांच्या हाताला कायम राख लागलेली असे. त्यांनी वाढलेल्या भाकरीला राख, पाण्याच्या तांब्याला राख, आणि माझ्या लग्नातल्या लुगड्यालाही पहिल्याच आठवड्यात राख लागली. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. पोलीस ॲक्शननंतर लग्न होऊन मी राणीसावरगावात आले, तेव्हा सासूबाई नव्हत्या. घर अक्कांचं होतं, आणि अक्कांपेक्षाही जास्त त्यांच्या बियाण्याच्या मडक्यांचं होतं.

गोवऱ्यांची राख त्या पिठाच्या चाळणीनं चाळत. मडक्यात राखेचा थर, मग बियाण्याचा, पुन्हा राखेचा, वर कडुनिंबाचा वाळला पाला, आणि तोंड शेणामातीनं लिंपलेलं. त्या कोपऱ्यात घागर ठेवायची नाही, न्हाऊन ओल्या केसांनी जायचं नाही, फार काय, तिथं उभं राहून हसायचंही नाही. एकदा मी वैतागून विचारलं, "हसल्यानं काय होतंय, अक्का?" तर म्हणाल्या, "त्वांडाची वाफ लागती. तुला तर लय हसायची खोड हाय." त्या घरात हसावं असं फारसं काही घडत नव्हतं, हे मी गिळून टाकलं.

त्यातलं एक मडकं मात्र देवासारखं. अक्कांचं माहेर चारठाण्याकडचं. रझाकारांच्या धामधुमीत त्यांची माणसं घरदार सोडून वऱ्हाडात गेली. जाताना वडिलांनी एका ओळखीच्या माणसाबरोबर लेकीकडे ज्वारीच्या कणसांची पेंढी धाडली. घरची, पिढ्यान्‌पिढ्यांची ज्वारी. "एवढं जप" असा निरोप होता. वडील तिकडेच वारले. ते बियाणं आता आणखी कुणाकडे उरलं नव्हतं. जे काय होतं ते त्या मडक्यात.

आणि अक्कांनी ते जपलं. इतकं जपलं की पेरलंच नाही! दरवर्षी पेरणीच्या तोंडावर त्या मडकं फुटेल या भीतीनं हलक्या हातानं लिंपण काढत, ओंजळभर दाणे ओल्या फडक्यात बांधत आणि फडकं चुलीमागच्या उबेत ठेवत. दाण्यांना मोड आले की चेहरा असा खुलायचा, जणू बाळंतीण सुखरूप सुटली. मग मोड आलेले दाणे चिमण्यांना टाकायचे आणि मडकं पुन्हा लिंपायचं.

"अहो, जिवंत आहे ना, मग पेरा की!" मी म्हणायची.

"औंदा पावसाचा भरवसा न्हाई." पुढच्या वर्षी पाऊस चांगला, तर वावरात हरळी लय. त्याच्या पुढच्या वर्षी टोळांची भीती, जे आमच्याकडे कधी फिरकलेही नाहीत. इकडे मडकं दरवर्षी ओंजळीनं रिकामं होत होतं. मी डोक्याला हात लावून बसायची.

मग त्यांचा धाकटा भाऊ नामदेव वऱ्हाडातून परतला. पडीक पडलेलं वावर त्यानं नांगरलं आणि पेरणीआधी बहिणीकडे आला. "अक्का, बापाची जवारी टाकावी म्हनलो. थोडं बी दे."

अक्कांनी त्याला पुरणपोळी घातली, नवं धोतर दिलं. बी दिलं नाही. "तुजं पीक बुडालं तर? मग बापाचं काय ऱ्हाईल?" नामदेव बाजारातलं बियाणं घेऊन गेला. त्या दिवशी मी अक्कांशी कडाकडा भांडले. बाई असून इतकी कशी हटवादी असावी, मला कळेना.

पुढच्या वर्षी फडकं सोडलं तर बहुतेक दाणे तसेच, मेलेले. मोजक्याच दाण्यांना मोड आलेले. अक्कांनी मेलेले दाणे वेचून बाजूला काढले. मग त्यांनी काय करावं? उठून मडक्याच्या तोंडासाठी शेणमाती कालवायला घेतली. आता मात्र माझा संयम संपला. मी त्यांच्यासमोरून ते फडकं उचललं, परसात गेले आणि ते मोड आलेले दाणे एकेक करून मातीत घातले. अक्का मागून ओरडत आल्या. "मारशील गं, मारशील समदे!" मी वळूनही पाहिलं नाही.

रोपं वर आली तशी अक्कांनी परसात मुक्काम ठोकला. मी पाणी घातलं तर जास्त झालं, नाही घातलं तर कमी झालं. कणसं भरल्यावर त्या हातात काठी घेऊन पाखरांवर अशा खेकसत की शेजारणींनी परसाकडे येणं सोडलं. कणसं वाळली. आता ही पुन्हा मडक्यात जाणार म्हणून मी भांडायच्या तयारीत होते, तर अक्कांनीच नामदेवाला बोलावून घेतलं आणि सगळी कणसं त्याच्या पिशवीत भरली.

"अक्का, दोन तरी ठेवा," मीच म्हणाले.

"ठिवून काय करू? बी मडक्यात मरतंय. पेरावं लागतंय. तुला न्हाई कळायचं." हे मला! जे सांगता सांगता इतकी वर्षं माझा घसा कोरडा पडला होता, ते! त्यानंतर त्या ही अक्कल गावभर शिकवत हिंडल्या.

नामदेवानं त्या साली पेरलं. पौषात तो हुरड्याची कणसं घेऊन आला. अक्कांनी स्वतः भाजली, चोळली, ताटली मांडीवर घेतली आणि पहिला घास तोंडात टाकून म्हणाल्या, "न्हाई. बापाच्या वक्ताची गोडी न्हाई ऱ्हायली." असं म्हणत सगळी ताटली एकट्यांनी संपवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला एक दाणा विचारला नाही.

त्याच उन्हाळ्यात अक्का गेल्या. पुढल्या पौषात नामदेवाचा हुरडा आला तेव्हा मी तो पहिल्यांदा चाखला. साखरेसारखा गोड होता. अक्का धडधडीत खोटं बोलल्या होत्या, आणि ते त्यांच्या तोंडावर सांगून भांडायला आता त्या घरात नव्हत्या.