दोरीला हात
ओल्या दोरीचा खारट वास आला की मला माझे सासरे आठवतात. कणकवलीहून लग्न होऊन मी या किनाऱ्यावरच्या गावात आले, तेव्हा त्यांचा उजवा हात अर्धांगाने गेला होता. तरी सकाळ झाली की ते रापणीला जात. रापणीचं लांबलचक जाळं सगळे मिळून वाळूवर ओढतात आणि जो दोरीला हात लावेल त्याला मासळीचा वाटा मिळतो. सासरे डावा हात दोरीवर नुसता ठेवून सगळ्यांबरोबर मागे मागे सरकत आणि चार बांगडे घेऊन घरी येत. लोक दया करतात, असं वाटून मलाच लाज वाटायची. एकदा मी म्हटलंच, "मामानू, आता दर्यार जाव नकात. मासे मी बाजारातसून हाडीन." ते गेले नाहीत. दुपारी मी बाजारातल्या बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, वाढलं. "ह्यो बांगडो विकतचो मां?" एवढंच विचारून त्यांनी ताट सरकवलं आणि सोलकढीशी भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्यांच्या हातात काठी दिली आणि बरोबर गेले. त्यांच्या मागे उभी राहून तळवे सोलवटेपर्यंत दोरी ओढली. वाटे झाले तेव्हा त्यांना चार बांगडे मिळाले, मला तीन. घरी येताना माझ्या पिशवीत डोकावून ते म्हणाले, "उद्या वायच जोरान वड गो." आता माझे गुडघे गेलेत, मीही दोरीला नुसता हात लावते. काल मला चार मिळाले.