शून्य आणि माहीत नाही

नवजात बाळांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम मी लिहीत होतो. आकडे ठेवायला जावास्क्रिप्टचा एक टाइप्ड अ‍ॅरे, म्हणजे ठरावीक मापाच्या घरांची रांग, घेतला होता. त्याच्या एकेका घरात दोनशे पंचावन्नपर्यंतचाच आकडा मावतो. तपासायला सुनंदाताई बसल्या. त्या पूर्वी नवजात विभागात सिस्टर होत्या.

त्यांनी दोनशे साठ ठोके पाठवले; दोनशे पंचावन्ननंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली आणि पडद्यावर चार उमटले. मग सेन्सर निसटल्यासारखं काहीच पाठवलं नाही, तर शून्य आलं. प्रोग्रामने कुठेही तक्रार केली नाही.

"असे आकडे कोण देणार, ताई?"

"बाळं देतात," त्या म्हणाल्या. "आणि ते शून्य काचेपलीकडून आई बघत असते."

मी अ‍ॅरेची ओळ पुन्हा उघडली. आपणही 'माहीत नाही' म्हणायला जागा ठेवत नाही आणि मग काहीतरी ठाम सांगून मोकळे होतो. न कळलेलं न कळलेलं म्हणूनच जपणं, हे मला त्या दिवशी खरं कसब वाटलं.

मोठे आकडे मावतील आणि 'आकडाच नाही' हेही टिकेल, अशी घरं मी दुपारपर्यंत घेतली. ताईंनी पुन्हा काहीच पाठवलं नाही. पडद्यावर आलं, 'ठोके मिळत नाहीत, सेन्सर तपासा.'

"आता आई किंचाळणार नाही," ताई म्हणाल्या, "सिस्टरला हाक मारेल."