तिकडचा गोलकीपर

परदेशात जाऊन फुटबॉल खेळलेली माणसं पेपरात मुलाखती देतात. तिथली थंडी, तिथली भाषा, आईच्या हातच्या जेवणाची आठवण वगैरे. मीही घरदार सोडून दुसरीकडे जाऊन फुटबॉल खेळलो. फक्त माझ्या परदेशाला एसटी जात होती आणि थंडी दोन्हीकडे सारखीच होती. मध्ये पैनगंगा. पूल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं बदलतात, शेतातली कपाशी काही बदलत नाही. एवढ्या भांडवलावर मी स्थलांतरित खेळाडू झालो. मुलाखत घ्यायला अजून कोणी आलं नाही, म्हणून स्वतःच देऊन टाकतो.

आदिलाबादला आलो तो एका जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियनची नोकरी मिळाली म्हणून. जिनिंगची फुटबॉल टीम होती. कापसाचा हंगाम संपला की आवार मोकळं होई आणि संध्याकाळी तिथे खेळ सुरू होई. मैदानावर कोणी तेलुगूत ओरडे, कोणी उर्दूत, कोणी आमच्या मराठीत. मला तेलुगू अजिबात येत नव्हतं. बॉल कोणाला द्यायचा हे मला कळेना, म्हणून जिथे बॉल देण्याची वेळ कमीत कमी येते तिथे मला उभं केलं. लोक गुणवत्तेवर गोलकीपर होतात म्हणे. मी अज्ञानावर झालो.

आवाराची जमीन टणक होती. मी अंग टाकायला कचरतो हे बघून त्यांनी माझ्या गोलपाशी खराब झालेला कापूस जाड पसरून दिला. मग काय, मी वाघ झालो. डावीकडे झेप, उजवीकडे झेप, उगाचच झेप. बॉल बाहेर जात असला तरी झेप. बघणारे टाळ्या वाजवत आणि मी कापूस झटकत उठत असे. गादीवर उड्या मारणाऱ्याला शूर म्हणणारं गाव मला फार आवडलं.

पण एक गोष्ट मनाला लागत होती. आमचा कॅप्टन जिनिंगमधला फिटर, आदिलाबादजवळच्याच जैनथकडचा मराठी माणूस. त्याचे पूर्वज कधीतरी आमच्याच बाजूने आले असणार, पण ते आता कोणाला आठवत नव्हतं, त्यालाही नाही. हा माणूस टीममधल्या प्रत्येकाला शिव्या देई, आणि ज्याची त्याला त्याच्या भाषेत, म्हणजे समजायला अडचण नको. पास चुकला की शिवी, गोल झाला की कौतुकाची शिवी, चहा उशिरा आला की चहावाल्याला शिवी. मला मात्र कधीही नाही. माझ्या दोन पायांमधून बॉल गेला तरी तो म्हणे, "होते भाऊ, तुमी काऊन मनावर घेता?" आणि वळून, माझ्यापुढे उभ्या असलेल्या निरपराध पोराच्या खानदानाचा उद्धार करी.

सुरुवातीला मला हा मान वाटला. मग हळूहळू लक्षात आलं की पाव्हण्याच्या हातून कप फुटला तर आपण असंच बोलतो. मी गोल अडवला की बघणारे म्हणत, "आपला किपर हाय." सोडला की म्हणत, "तिकडचा हाय न तो." कित्येक वर्षं मी या दोन वाक्यांच्या मधे उभा होतो. मला आपल्या माणसाची शिवी हवी होती. हे ऐकायला वेडगळ वाटेल, पण मला ती खरंच मनापासून हवी होती.

आणि मग आमची मॅच माझ्याच गावाशी ठरली.

आमच्या भागात कोळशाच्या खाणी निघाल्या, तेव्हा बाहेरून आलेल्या कामगारांनी फुटबॉल आणला आणि जाताना तो तिथेच ठेवून गेले. गावाच्या टीममध्ये माझा धाकटा भाऊ होता. त्याला बॉल मारायला मीच शिकवलं, आमच्या खळ्यावर. खळ्याच्या एका अंगाला बोराट्यांचं कुंपण होतं. तिकडे बॉल मारला की ज्याने मारला त्यानेच काट्यांतून काढायचा, असा माझा नियम. म्हणून तो कायम दुसऱ्या अंगाला, माझ्या डावीकडे मारी. चुकून काट्यांत गेला की मलाच शिव्या देत, रडत काढून आणी.

मॅचच्या दिवशी टीमला घेऊन घरी जेवायला गेलो. भावाच्या बायकोने सतरंजी टाकली. पाय धुवायला पाणी दिलं. मला ताट मिळालं ते पाव्हण्यांसाठी राखून ठेवलेलं. जेवण झाल्यावर ताट उचलून मोरीकडे निघालो तर आईने हातातून काढून घेतलं. भाऊ म्हणाला, "बसा दादा, तुमी बसा." मला वाटलं, बाहेरची माणसं सोबत आहेत म्हणून हा थाट.

शेवटपर्यंत बरोबरी होती. अगदी शेवटी आमच्या एकाच्या हाताला बॉल लागला आणि गावाला पेनल्टी मिळाली. मारायला भाऊ आला.

आता बघा. अडवला तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, सोडला तर आदिलाबादेत नाही. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला एकच हवं होतं. अडवायचा होता. अडवला तर कॅप्टन धावत येऊन मला कडकडून शिवी देणार, याची मला खात्री होती. आणि भाऊ कुठे मारतो हे जगात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? त्याने पाय उचलला आणि मी जीव खाऊन डावीकडे अंग टाकलं. खाली कापूस नव्हता, भेगाळलेली काळी जमीन होती.

बॉल उजवीकडून गेला. काट्यांच्या बाजूने.

गाव मैदानात धावलं. भावाला उचललं ते ठीक, मलाही उचललं. "शेवटी आपला तो आपलाच," असं एक म्हातारा म्हणाला आणि त्याने मला डोळा मारला. मी मुद्दाम सोडला असं सगळ्यांनी आनंदाने ठरवून टाकलं होतं. आयुष्यात मला लोकांनी खांद्यावर घेतलं ते त्या एकदाच. वरून आमच्या खळ्याची बाजू दिसत होती. बोराट्या कुठेच नव्हत्या, तिथे तारेचं कंपाउंड होतं. ते कधी झालं, मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

परतीच्या गाडीत सगळे माझ्याशी इतक्या अदबीने वागले की मला उडी मारावीशी वाटली. कॅप्टनने मला खिडकीची जागा दिली. "होते भाऊ," एवढंच म्हणाला. या वेळी त्याने दुसऱ्या कोणालाही शिवी दिली नाही. संपलं, असं मी मनात म्हटलं. सामना गेल्याचं दुःख नव्हतं, हा माणूस मला विकाऊ समजला याचं होतं.

पूल ओलांडून गाडी चहाला थांबली. मी कप उचलायला गेलो आणि हात वर येईना. अर्धा चहा शर्टावर सांडला. कॅप्टन बघत होता. त्याने उठून माझी बाही वर सरकवली. खांद्यापासून कोपरापर्यंत कातडी सोलली होती आणि तिच्यात माती बसली होती. त्याने ती काळी माती बोटावर घेऊन बघितली. मग म्हणाला,

"बयताडा, सख्खा भाऊ हाय ना बे तुहा? त्याचा पाय कुठी जाते हे तुले मालूम नाई, न आमी तुह्या भरोशावर मॅच खेळून राह्यलो?"

आणि पुढे जे सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने माझी उंची काढली, अक्कल काढली, कापसावरच्या उड्या काढल्या. बाकीचेही सामील झाले, तीन-तीन भाषांत. आदिलाबादच्या वेशीपर्यंत मी शिव्या खाल्ल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उलट दिल्या. इतक्या सुखात मी त्या गावात कधी आलो नव्हतो. कॅप्टनने मला घराच्या दारात सोडलं, हळद लावायला सांगितलं आणि जाता जाता आणखी एक हाणली.

दार उघडत होतो तेवढ्यात फोन वाजला. भाऊ होता. मला वाटलं, आता हा चिडवेल. दादा, कसा फसवला, म्हणेल. लहानपणीची एखादी ठेवणीतली शिवी काढेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

"दादा, बरे पोचले ना तुमी?" तो म्हणाला. "तुमी आल्ते त बरं वाटलं सगळ्यायले. असेच येत जा कवामवा."

मी हो म्हटलं. तो म्हणाला, आता ठेवतो, तुमी थकले असाल. आणि मी ठेवेपर्यंत स्वतः फोन न ठेवता, पाव्हण्यासाठी थांबावं तसा, थांबून राहिला.