शेजारच्या गावातल्या काकू

काकू माझ्याबद्दल सगळ्यांना "माझी शेजारीण" म्हणून सांगायच्या. त्या राहायच्या अलास्काच्या पार टोकाला, उत्किअ‍ॅग्विकला, मी कॉट्झेब्यूला. मध्ये डोंगर, बर्फ, आणि रस्ता म्हणाल तर नावालाही नाही. दोघी आपापल्या गावच्या शाळेत शिकवायचो. त्या अख्ख्या उत्तरेत मराठी बोलणारं तिसरं कुणी आम्हाला माहीत नव्हतं. तेवढ्यावर त्यांनी शेजार जोडला.

मूळच्या नागपूरच्या. अंतर त्या स्वयंपाकात मोजायच्या. "सरळ उडालीस ना, तर इकडे माझा कुकर व्हायच्या आत पोचशील," हे त्यांचं पालुपद. आता सरळ उडायला मी काय बगळा आहे? विमानं सगळी अँकरेजवरून. म्हणजे शेजारी जायचं तर आधी उलटं दक्षिणेला जा, तिथे मुक्काम करा आणि पुन्हा वर चढा. मी हे त्यांना शंभरदा समजावलं असेल. "ते विमानवाल्यांचं अंतर झालं," त्या म्हणायच्या, "आपलं वेगळं."

रोज शाळा सुटली की फोन. भाजी कोणती केलीस इथपासून सुरुवात आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "कधी येतेस?" काका गेल्यावर मुलाने त्यांना अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला, आपल्याकडे बोलावलं होतं. मोठं घर, आजूबाजूला सगळी मराठी मंडळी. गेल्या नाहीत. "तिथे मी कुणाला हवी आहे? इथली पोरं सकाळी वर्गाच्या दारात माझी वाट बघतात." हट्टी बाई!

एकदा मात्र योग आला. आमच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची मॅच त्यांच्या गावात ठरली. टीमसाठी भाड्याचं छोटं विमान, तेही थेट! मुलींबरोबर कुणीतरी मोठं हवं होतं, मी आधी हात वर केला. काकू पुरणपोळ्यांचा डबा घेऊन विमानतळावर येऊन उभ्या राहिल्या. आम्ही त्यांच्या गावावर घिरट्या घातल्या, पण खाली नुसतं धुकं. पायलटने मान हलवली आणि विमान परत वळवलं. मी त्या मुलींसमोर लाज सोडून ढसाढसा रडले. संध्याकाळी काकूच माझी समजूत घालत होत्या, "विमानाचा आवाज ऐकला गं मी. आलीच होतीस तू."

यंदा बर्फ वितळायच्या सुमाराला त्यांना एअर अँब्युलन्सने अँकरेजला हलवलं. हृदय साथ देत नव्हतं. मुलाचा फोन आला, "ताई, मी निघतोय, पण इथून फार वेळ लागेल. तुम्ही जवळ आहात. जाल का?" मिळेल त्या विमानाने गेले.

खाटेवर एवढीशी बाई, डोळे मिटलेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोर बघत होते मी. कानाशी वाकून हाक मारली, "काकू, मी आले."

चेहरा उजळला. डोळे काही उघडले नाहीत. "अगं बाई! आज आवाज किती स्वच्छ येतोय तुझा!"

"काकू, मी इथे आहे. तुमच्याजवळ. हा बघा माझा हात."

"हो हो, ये," त्या म्हणाल्या. "सुट्टी लागली की नक्की ये." मग जरा दम खाऊन, "बरं, ठेवते आता. थकले."

मुलगा पोचायच्या आत त्या गेल्या. त्यांचा हात शेवटपर्यंत माझ्या हातात होता, आणि त्यांच्या लेखी मी कॉट्झेब्यूलाच होते.